मानमोडी ते जलदूत : लातूरच्या वाटेवरील एक आरोग्य-इतिहास

पडशाला आपल्याकडे सहसा कोणी आजार म्हणत नाही. औषध घेतले तर ते सात दिवसांत बरे होते आणि न घेतले तर आठवड्यात, ही थट्टा महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. एखादे संकट अनायासे टळले की सुंठीवाचून खोकला गेला, असे आपण म्हणतो. नाक वाहणे, घसा बसणे, अंग मोडून येणे या तक्रारींकडे पाहण्याची आपली रीत अशी काहीशी हसतखेळत आहे. परंतु अशाच शिंका-खोकल्यांनी सुरू होणाऱ्या एका तापाला मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी जे नाव दिले, त्यात थट्टेचा लवलेशही नाही. ते नाव ‘मानमोडी’.

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीचे हे लोकांनी ठेवलेले नाव. मान टाकून माणूस कोसळतो, एवढेच त्यात सांगितले आहे. ती साथ पाहिलेली पिढी आता उरलेली नाही. मात्र त्या साथीने विचारलेला एक प्रश्न अद्याप शिल्लक आहे. आजारापासून दूर राहण्याचे नियम त्या वेळीही ठाऊक होते आणि आजही तेच आहेत : गर्दी टाळावी, मोकळ्या हवेत राहावे, ताप आल्यास पडून राहावे, स्वच्छता पाळावी. हे नियम पाळणे कोणाला शक्य होते आणि कोणाला नव्हते? मराठवाड्यातील लातूर या गावाचा आणि त्या गावाला जाणाऱ्या एका लहानशा रेल्वेचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच स्पष्टपणे देतो.

गाठीच्या तापाची शिकवण

मानमोडीच्या आधी बावीस वर्षे, १८९६ साली, मुंबईत प्लेग आला. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. मुंबई, पुणे आणि सारी दख्खन त्याने ग्रासली. वांद्रे परिसरातील वस्त्यांत त्या काळी उभारलेले प्लेगचे क्रूस पाहिले की ख्रिस्ती कुटुंबांवरही केवढा प्रसंग गुदरला होता याची कल्पना येते. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांसाठी कायदा केला. त्याच वर्षी डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

या काळात खेड्यापाड्यांतील लोकांनी आपला उपाय आपणच शोधला. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर किंवा शेतात झोपड्या घालून राहायचे. घरेदारे ओस पडत, सणवार झोपड्यांत साजरे होत आणि साथ ओसरली की लोक परत येत. प्लेगचा प्रसार उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे होतो हे शास्त्रज्ञांमध्ये निश्चित होत होते त्याच सुमारास सामान्य शेतकरी अनुभवाने त्या घरापासून दूर होत होता. प्लेगच्या बाबतीत ही रीत अगदी योग्य होती. त्यामुळे साथ आली की जागा सोडावी, म्हणजे माणूस वाचतो, ही समजूत लोकांच्या मनात पक्की बसली.

१९१८ च्या तापापुढे ही समजूत निरुपयोगी ठरली. या वेळी रोग घरात दडून बसला नव्हता, तो माणसाच्या श्वासात होता. जो पळाला तो रोगालाही बरोबर घेऊन गेला. लागण होऊन एक-दोन दिवसांत ताप चढे, आणि ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकत असे. झोपड्या घालायला तरी सवड कोठून मिळणार?

मुंबईत या रोगाची पहिली लाट जून १९१८ मध्ये आली. १० जून रोजी गोदीवर नेमलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. मुंबई नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी या रोगाचा संबंध मे महिन्याच्या अखेरीस बंदराला लागलेल्या एका जहाजाशी जोडला. ही लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली ती मात्र भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू झाले. तेथून रोग देशाच्या अंतर्भागात गेला आणि त्याच्या प्रवासात रेल्वेचा वाटा फार मोठा होता, असे हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी आपल्या अहवालात नमूद केले.

बार्शी लाइट

त्या वेळचे लातूर हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद जिल्ह्याचे एक गाव होते. मराठवाडा १९४८ साली निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग बनला. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो तर १६ ऑगस्ट १९८२ रोजी. पण गावाचे भाग्य त्याच्या कितीतरी आधी, १९११ साली पालटले होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली ‘बार्शी लाइट रेल्वे’ त्या वर्षी लातूरला पोहोचली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी एवढीच होती. १९०६ मध्ये तिची एक शाखा पंढरपूरला गेली आणि १९२७ मध्ये ती मिरजेला भिडली. कुर्डुवाडी हे मुंबई-मद्रास या मुख्य मार्गावरील स्थानक असल्यामुळे लातूर थेट मुंबईच्या बाजारपेठेशी जोडले गेले. १९१७ मध्ये गावाच्या मध्यभागी गंजगोलाईची वर्तुळाकार बाजारपेठ उभी राहिली. धान्य, कापूस, तेलबिया यांची पेठ म्हणून लातूरचे नाव पुढे दूरवर झाले.

ज्या वर्षी साथ आली, त्या वर्षी लातूरची गाडी सात वर्षांची आणि गंजगोलाई एक वर्षाची होती. पंढरपूरची वाट, मुंबईची वाट आणि लातूरची वाट कुर्डुवाडीला एकत्र येत होत्या. माल आणि माणसे ज्या रुळांवरून येतात त्याच रुळांवरून ज्वरही येतो, हे त्या काळातील प्रत्येक नव्या पेठेचे प्राक्तन होते. समृद्धीसाठी उघडलेले दार रोगासाठी बंद कसे ठेवायचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

या संकटाचा आवाका जनगणनेतून दिसतो. १९०१ ते १९११ या दशकात हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे बावीस लाखांनी वाढली होती. १९११ मध्ये ती १,३३,७४,६७६ होती. १९२१ मध्ये ती १,२४,७१,७७० भरली. वाढ होणे दूरच, नऊ लाखांहून अधिक माणसे कमी झाली. प्लेग आणि अवर्षण यांचाही त्यात वाटा होता, परंतु सर्वांत मोठा घाव इन्फ्लुएंझाचा होता. देशाचेही चित्र असेच आहे. जनगणना सुरू झाल्यापासून भारताची लोकसंख्या घटली ती १९११ ते १९२१ या एकाच दशकात. या साथीत देशभर एक कोटीहून अधिक माणसे दगावली याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता आहे. काहींचा अंदाज पावणेदोन कोटींपर्यंत जातो.

साथीच्या जोडीला दुष्काळ होता. १९१८ चा मान्सून देशात सरासरीपेक्षा सुमारे पावपटीने कमी झाला. रोगाची दुसरी लाट नेमकी अशा दिवसांत आली की जेव्हा खरिपाची काढणी व्हायची आणि रब्बी ज्वारीची पेरणी करायची. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी म्हणजे वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा. पेरायला उठणारे हात अंथरुणाला खिळले होते. या रोगाने म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस या वयाची, म्हणजे कमावती माणसे अधिक नेली. त्यामुळे मृत्यूबरोबर उपासमारही घरात शिरली आणि उपासमारीने पुन्हा रोगाला बळ दिले.

सल्ला आणि सवड

त्या काळी इन्फ्लुएंझाचे कारण डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांनी १८९२ मध्ये वर्णन केलेला एक जिवाणू या रोगाचे मूळ आहे असे अनेक जण मानत. खरे कारण असलेला विषाणू मानवी रुग्णांत सापडला तो १९३३ साली. लस नव्हती, न्यूमोनियावर चालणारी प्रतिजैविके नव्हती. तरीही अधिकाऱ्यांनी लोकांना जो सल्ला दिला तो आजच्या डॉक्टरलाही मान्य व्हावा असा होता : दाटीवाटीच्या जागा टाळा, शक्यतो उघड्या हवेत झोपा, ताप येताच अंथरूण धरा. मांचुरियातील प्लेगच्या वेळी, १९१०-११ मध्ये, डॉ. वू लिएन-ते यांनी कापडी मुखपट्टीचा वापर रूढ केला होता. १९१८ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने अशी पट्टी सक्तीची केली. म्हणजे ज्ञान अगदीच तोकडे होते असे म्हणता येत नाही.

मग फरक कोठे पडला? मुंबई शहरातील मृत्यूंची त्या वेळी समाजवार नोंद झाली होती. युरोपीय लोकांत हजारी सुमारे आठ मृत्यू झाले, पारशांत नऊ, भारतीय ख्रिस्ती लोकांत अठरा, सवर्ण हिंदू आणि मुसलमान यांत सुमारे एकोणीस. आणि ज्यांना त्या काळी कनिष्ठ जातींचे हिंदू म्हणत त्यांच्यात हे प्रमाण हजारी एकसष्टच्या वर गेले. विषाणू जात पाहत नाही. पण एका खोलीत किती माणसे झोपतात, अंगावर घोंगडी आहे की नाही, आजाऱ्याला दूध मिळते की नाही आणि तो आठ दिवस कामावर गेला नाही तर चूल पेटते की नाही, यावर एका समाजात आठ आणि दुसऱ्या समाजात एकसष्ट माणसे मेली. हे आकडे मुंबईचे असले तरी त्यांचा अर्थ महारवाडा गावाबाहेर ठेवणाऱ्या प्रत्येक गावाला लागू होता.

आणखी एक नोंद विचार करायला लावणारी आहे. जगात बहुतेक ठिकाणी या साथीत पुरुष अधिक दगावले. भारतात मात्र स्त्रियांच्या मृत्यूचे प्रमाण अधिक होते. घरातल्या सर्वांनी जेवल्यावर उरलेले खाणारी, आजाऱ्याच्या उशाशी बसून रात्र काढणारी आणि स्वतःला ताप आला तरी चुलीपुढून न उठणारी ती बाई; तिच्यासाठी ‘अंथरूण धरा’ हा सल्ला कोणी लिहिलाच नव्हता.

जे वाचले त्यांतील पुष्कळ जण औषधाने वाचले नाहीत, शुश्रूषेने वाचले. वेळेवर पाणी, पेज, दूध, ऊब आणि कोणी तरी जवळ असणे, एवढ्याने न्यूमोनियाच्या उंबरठ्यावरचा माणूस मागे फिरत असे. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांनी चाळींतून मदत पोहोचवली. मराठवाड्याच्या खेड्यांत अशा संस्था नव्हत्या. तेथे शेजाऱ्याला शेजाऱ्याचाच आधार होता, आणि शेजारच्या घरीही सगळे आडवे असतील तर तोही नव्हता.

भिंतींच्या आत

लातूर आणि उस्मानाबादकडच्या जुन्या घरांचा येथे विचार करायला हवा. दगड-मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचे जड माळवद, खिडक्या नावालाच आणि उजेडासाठी छताला एखादे साणे. या मुलखातील उन्हाळ्याला हे घर फार चांगले. आत गारवा राहतो. उन्हाळ्यात माणसे माळवदावर नाहीतर अंगणात झोपतात. पाऊस लागला किंवा थंडी पडली की सारे कुटुंब आत येते, दार लावून घेते आणि चुलीचा धूर त्याच हवेत कोंडतो. सर्दी-तापाच्या विषाणूंना याहून सोयीचे दुसरे काही नसते. गारठ्यामुळे सर्दी होते असे आपण म्हणतो. गारठा स्वतः रोग निर्माण करीत नाही. तो माणसांना एकत्र कोंडतो, नाकाचा आतला भाग थंड आणि कोरडा करून त्याची प्रतिकारशक्ती कमी करतो आणि हवेतील विषाणू अधिक काळ टिकू देतो. चुलीच्या धुराने लहान मुलांची श्वासनलिका आधीच दुखावलेली असेल तर साध्या पडशाचा न्यूमोनिया होण्यास वेळ लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच घरे त्यांत निजलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. पाठोपाठ येणारा हिवाळा लोकांनी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत काढला. पुढे औसा आणि उमरगा तालुक्यांत नवी गावे वसली, खिडक्या असलेली, हलक्या छताची घरे झाली. ती बांधताना धरणीकंपाचा विचार झाला, आणि तो योग्यच होता. पण ज्या घरात वारा आणि ऊन येते ते घर श्वासाच्या रोगांपासूनही माणसाला वाचवते, हा त्या पुनर्वसनाचा दुसरा लाभ आपण क्वचितच मोजतो.

या भागात वैद्यकीय सेवाही उशिरा आली. १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे काही सहकारी पुण्याहून लातूरला आले आणि त्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. शेजारच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला १९७४ च्या सुमारास ग्रामीण भागासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, नांदेडलाही असे महाविद्यालय झाले आणि या शतकाच्या आरंभी लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. १९१८ मध्ये ज्या टापूत कित्येक मैल डॉक्टर दिसत नव्हता, तेथे आज प्राणवायूची नळी आणि अतिदक्षता विभाग आहेत. हा पल्ला लहान नाही.

पाण्याची गाडी

बार्शी लाइटचे अरुंद रूळ या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत उखडून तेथे रुंद मार्ग झाला. त्याच वाटेने, मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत १२ एप्रिल २०१६ रोजी एक गाडी लातूरला आली. तिच्यात प्रवासी नव्हते, पाणी होते. लागोपाठच्या अवर्षणांनी मांजरा नदीवरचे धनेगावचे धरण कोरडे पडले होते आणि पावणेचार लाखांहून अधिक वस्तीच्या शहराच्या नळाला पाणी उरले नव्हते. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि पावसाळ्यापर्यंत ‘जलदूत’ नावाच्या या गाडीने मिरजेजवळच्या कृष्णेचे पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर वाहून लातूरकरांची तहान भागवली. त्याआधी मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता.

चारच वर्षांनी, १३ मार्च २०२० रोजी, महाराष्ट्र शासनाने १८९७ चा तोच जुना साथरोग कायदा करोनासाठी लागू केला. पुन्हा जमावबंदी आली. या वेळी कारण रोगाचे होते. साबणाने वीस सेकंद हात धुवा, असे दूरध्वनीपासून भिंतीपर्यंत सर्वत्र सांगितले जाऊ लागले. सल्ला शास्त्रशुद्ध होता. इन्फ्लुएंझा आणि करोना या दोन्ही विषाणूंभोवती स्निग्ध द्रव्याचे आवरण असते आणि साबण ते विरघळवतो. पण ज्या शहराने पाण्यासाठी रात्र-रात्र रांगा लावल्या होत्या, जेथे हंडाभर पाणी पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि भांड्यांसाठी वाटून वापरावे लागते, तेथे दिवसातून दहा वेळा हात धुण्याचा हिशेब गृहिणीला कसा जमावा? २०१६ मध्ये पाणी नव्हते म्हणून लोकांनी गर्दी केली होती आणि २०२० मध्ये गर्दी करू नका म्हणून सांगितले गेले. या दोन वर्षांना जोडून पाहिले म्हणजे आरोग्याचा नियम पाळण्यासाठी नियमाबरोबर नळही लागतो, हे कळते.

विश्रांतीची गोष्टही तशीच आहे. मराठवाड्यातून दर वर्षी दिवाळीच्या आसपास लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा त्यातून कापला जातो. ऐन हिवाळ्यात, फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत, पहाटेच्या दवात ही माणसे राबतात. अंगात ताप असताना विश्रांती घ्या असे त्यांना सांगणे सोपे आहे. त्या विश्रांतीची किंमत ते आपल्या उचलीतून मोजतात. २०२० च्या टाळेबंदीत हेच मजूर फडावर अडकून पडले होते आणि एप्रिलच्या मध्यावर शासनाने परवानगी दिल्यानंतर ते गावी परतू शकले.

आपला हंगाम, आपली काळजी

मे २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा भारतातील पहिला रुग्ण हैदराबादला आढळला आणि ३ ऑगस्ट २००९ रोजी त्या रोगाने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला. ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. आपण पाश्चात्त्य पुस्तके वाचून इन्फ्लुएंझाला हिवाळ्याचा रोग समजतो. महाराष्ट्रात मात्र त्याचा मोठा जोर जुलै ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत असतो आणि जानेवारी ते मार्च या काळात तो पुन्हा काहीसा डोके वर काढतो. म्हणून लस घ्यायची तर ती पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये घेणे हिताचे. हा विषाणू रूप बदलतो आणि लसीचा प्रभावही काही महिन्यांत ओसरतो, म्हणून ती दर वर्षी घ्यावी लागते. वृद्ध, गर्भवती स्त्रिया, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांनी डॉक्टरांना याविषयी अवश्य विचारावे.

बाकीची काळजी साधी आहे. खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरावे. ताप असलेल्या मुलाला शाळेत आणि स्वतःला लग्नघरात नेऊ नये. बंद खोलीत माणसे जमली असतील तर निदान एक खिडकी उघडी असावी. आजाऱ्याजवळ बसणाऱ्याने मुखपट्टी बांधावी. सुंठीचा काढा, गवती चहा, हळदीचे दूध यांनी घशाला आराम पडतो. त्यांनी रोग अडत नाही, पण जो ऊब देतो आणि अंगात पाणी टिकवतो अशा उपायाला नावे ठेवण्याचे कारण नाही. डॉक्टरकडे गेल्यावर सुई टोचली आणि सलाइन लावली तरच औषध झाले, ही आपल्या खेड्यांतील समजूत मात्र सोडायला हवी. पडसे आणि फ्लू हे विषाणूंचे रोग आहेत; प्रतिजैविकांचा त्यांवर काही उपयोग होत नाही, उलट ती उगाच घेतल्याने खऱ्या गरजेच्या वेळी निकामी ठरतात. मात्र धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, बाळाने अंगावर पिणे सोडणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे ही लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. १९१८ मध्ये न्यूमोनियापुढे वैद्य हतबल होता. आज तो हतबल नाही. वेळेवर पोहोचलेला रुग्ण बहुधा वाचतो.

यातील प्रत्येक गोष्ट ज्याची त्याने करण्यासारखी आहे, आणि तरीही एकट्याने पुरी होण्यासारखी नाही. खिडकी उघडायची तर घराला खिडकी हवी. हात धुवायचे तर धरणात आणि नळात पाणी हवे. पडून राहायचे तर तेवढे दिवस मजुरी बुडाली तरी चूल पेटायला हवी. घरातली बाई आजारी पडली तर तिच्या हातातली कामे दुसऱ्या कोणी घ्यायला हवीत. या एका बाबतीत शासनाची वा धरणाची वाट पाहण्याचे कारण नाही, ते आपल्याच घरात आजपासून करता येते. मानमोडीच्या वेळी शेजाऱ्याच्या दारात पेजेचे भांडे ठेवून जाणाऱ्या माणसांनी जेवढे जीव राखले, त्यांची गणती जनगणनेत कोठे झालेली नाही.

लातूरला जाणारी रेल्वे आजही मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी याच वाटेने जाते. एके काळी मुंबईचा ज्वर दख्खनच्या खेड्यांपर्यंत नेणाऱ्या जाळ्याचा ती एक धागा होती आणि शंभर वर्षांनी तिनेच कृष्णेचे पाणी तहानलेल्या शहराला पोहोचवले. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा तिच्याआधी त्या गावात नळाला पाणी पोहोचलेले असावे, एवढी तयारी मात्र आपल्या हातची आहे.